राऊत सरांना कप नव्हता

"चोरीला काय गेलंय?" रझियाबाईंनी विचारलं.

"मी," समोरचा माणूस म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "म्हणजे माझी मूळ प्रमाणपत्रं. दहावीपासून पीएचडीपर्यंत, सगळी."

खडकी बाजारात सायकलच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की 'रझिया तांबोळी, खासगी तपास' अशी पाटी दिसायची. दारूगोळ्याच्या कारखान्यात वीस वर्षं भांडार सांभाळून झाल्यावर रझियाबाईंनी ती लावली होती. शेजारच्या खुर्चीत शालूताई निजसुरे बसायच्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त, रझियाबाईंची मैत्रीण आणि हौशी मदतनीस. शालूताईंना सगळं कळायचं. फक्त एक स्टॉप पुढे गेल्यावर.

पाहुण्याचं नाव मच्छिंद्र बोराडे. वय चौतीस. मांजरीत, उसाच्या रानाला लागून असलेल्या कै. सोजरबाई फार्मसी कॉलेजात तो सहा वर्षं शिकवत होता. कॉलेज आप्पासाहेबांचं. जमीन त्यांची, इमारत त्यांची, सोजरबाई त्यांची आई.

"दर एप्रिलला आम्हाला काढतात आणि जूनमध्ये परत घेतात," मच्छिंद्र म्हणाला. "सहा वर्षांत सहा वेळा नवा लागलोय मी. आता सरकारी कॉलेजात कायम जागेवर निवड झालीय. सोमवारी अकरा वाजता पुण्यातल्या ऑफिसात मूळ कागदांची पडताळणी आहे. मुदत वाढवून मिळणार नाही, पत्रातच छापलंय. कागद नसले तर जागा तिथेच, त्याच दिवशी प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाला."

"आज गुरुवार," रझियाबाई म्हणाल्या.

"हो. मांजरीहून नऊची बस धरली की साडेदहाला पोचतो. दोनदा जाऊन बघून आलोय. दहाची बस भरवशाची नाही."

शालूताईंना भरून आलं. पडताळणीच्या ऑफिसाची रंगीत तालीम करणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"दुसऱ्या प्रती नाही का मिळत?"

"विद्यापीठाकडून तीन महिन्यांनी."

"पण मुळात तुमचे कागद कॉलेजकडे कशाला?"

मच्छिंद्रने शालूताईंकडे जरा दयेनेच पाहिलं. "नोकरीला लागताना जमा करावे लागतात, बाई. तपासणी समितीला दाखवायला म्हणून. समिती येऊन जाते, कागद राहतात. कागद राहिले की माणूस राहतो."

"गाय दावणीला बांधतात तसं?"

"गाईला निदान दावं दिसतं."

मग त्याने घडलं ते सांगितलं. मंगळवारी अकरा वाजता स्टाफरूममध्ये आप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 'लेकरू मोठं झालं, जाऊ द्या. उद्या सकाळी याचे कागद याच्या हातात द्या,' म्हणाले. टाळ्या झाल्या. बुधवारी सकाळी कपाट उघडलं तर मच्छिंद्रची फाईल नव्हती.

"प्राचार्य काय म्हणतात?"

"प्राचार्य तपासणीच्या दिवशीच येतात."

रझियाबाईंनी पर्स उचलली. "उद्या सकाळी येतो आम्ही. आणि प्रतीक्षायादीत पुढचं नाव कुणाचं?"

मच्छिंद्र घुटमळला. "पद्मजा कुलथे. आमच्याच स्टाफमध्ये आहेत."

*

शुक्रवारी बसमध्ये शालूताईंनी महिन्याच्या किराणाची यादी करायला घेतली. हडपसरपर्यंत ती पूर्ण झाली. "ठेव गं तुझ्या पर्समध्ये," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून हरवेल."

कॉलेजचं ऑफिस पुढच्याच अंगाला होतं. कार्यालय अधीक्षक जयसिंग हा आप्पासाहेबांचा पुतण्या. तिशीचा, पाठीचा कणा वाकवून बसण्याची सवय लागलेला. त्याने कुरकुरत कपाट उघडलं.

दोन कप्प्यांत फाईली उभ्या लावल्या होत्या. प्रत्येकीच्या कण्यावर जाड काळ्या शाईने आकडा आणि नाव, आडनावाच्या क्रमाने. जयसिंगने एक ओढून दाखवली. पुढच्या पुठ्ठ्यावर त्या शिक्षकाचा फोटो चिकटवलेला होता.

"कण्यावरची नावं कुणी लिहिली?"

"मीच. आंधळ्यालाही दिसतील अशी."

रझियाबाई बराच वेळ कपाटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यातल्या पाच उलट्या उभ्या आहेत. नाव डोक्यावर."

"घाईत झालं असेल."

"तुमच्याकडून?"

"मी कशाला? मी फक्त चौदा नंबर बघितला. नव्हता. तसंच बंद केलं."

रझियाबाईंनी कप्प्याच्या कडेवरून बोट फिरवलं. फाईलींच्या मागे धूळ दाट होती. पण पुढच्या कडेला प्रत्येक फाईलीसमोर धुळीत ताजा ओरखडा होता, एकूण एक फाईल ओढून पुन्हा सारल्यासारखा. इमारतीमागून उसाचं पाचट जाळल्याचा वास येत होता आणि खिडकीतून ऊन थेट कपाटावर पडत होतं.

"दुपारी इथे उजेड कसा असतो?"

"आत्ता आहे तसाच. उलट जास्त. ऑफिस एक ते दोन बंद असतं, जेवणाला. मंगळवारी त्याच वेळात झालं असणार, बाकी वेळ मी इथून हललो नाही."

"किल्ल्या?"

"तीन. ऑफिसच्या, कपाटाच्या किल्लीसकट. एक माझ्या खिशात असते. एक काकांकडं. एक सरुबाईकडं, झाडलोट करायला."

"आणि सत्तावीस नंबर कुठे गेला?"

जयसिंगचा चेहरा उतरला. सव्वीसनंतर अठ्ठावीस होता, मध्ये बोटभर फट.

"ते... राऊत सर. रजेवर आहेत. फाईल त्यांनीच नेली असेल."

"इथे माणसाला फाईल नेता येते होय?" शालूताई म्हणाल्या. "मग बोराडेंनी काय घोडं मारलं होतं?"

जयसिंग उठला. "काकांची लेखी परवानगी घ्या आधी. मग स्टाफशी बोला."

*

आप्पासाहेब पासष्टीचे, पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला बुक्का. टेबलावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र इस्त्रीच्या घडीत होतं. रझियाबाईंनी आपलं कार्ड पुढे केलं. त्यांनी ते न बघता खिशात टाकलं.

"बसा, बसा. मच्छिंद्र पोरगं हाय माझं. एकुलता एक पीएचडीवाला. पुढच्या महिन्यात समिती येतीय, वरचा वर्ग मंजूर करायचाय, आणि हे चाललं. पण शब्द दिला तो दिला."

"तुम्हाला सगळ्या शिक्षकांची माहिती आहे?"

"नावं विचारू नका. पण तोंड एकदा बघितलं की जन्मात विसरत न्हाय मी. वर्गापुढनं जाताना समदी तोंडं मोजून जातो."

"मंगळवारी दुपारी कुठे होता आपण?"

"मागं, गुऱ्हाळावर. आमचंच हाय. फेब्रुवारीत दुसरीकडं कुठं असणार मी?"

रझियाबाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "परवानगीचा मजकूर. नीट वाचून सही करा, म्हणजे नंतर तक्रार नको."

आप्पासाहेबांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला. कागद हातभर लांब धरला, वरून खालपर्यंत नजर फिरवली, मान डोलावली. "चोख लिवलंय," म्हणाले आणि जीभ ओठांत धरून, चित्र काढावं तशी सही केली.

रझियाबाईंनी घडी घालून कागद परत पर्समध्ये ठेवला. "शालू, जरा गुऱ्हाळावर जाऊन ये. काकवी मिळते का बघ."

शालूताई आनंदाने गेल्या.

*

पद्मजा कुलथे प्रयोगशाळेत एकट्याच होत्या. न दिसणारा डाग घालवावा तशा त्या एकच काचनळी पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"विचारा. सगळे मनात मलाच चोर म्हणतायत. मीही म्हणाले असते."

"तुम्ही नेलीत फाईल?"

"नाही. पण बुधवारी ती सापडली नाही हे कळलं तेव्हा मला आधी आनंद झाला, मग लाज वाटली. क्रम हाच होता. लिहून घ्या हवं तर."

"तुमचे कागद?"

"त्याच कपाटात. चौदाच्या आठ नंबर आधी, सहा. बोराडे सरांची जागा उद्या मला मिळाली तरी मी काय दाखवणार पडताळणीला? माझं तोंड?"

"राऊत सर काय शिकवतात?"

पद्मजाबाईंच्या हातातली नळी थांबली. "ते... संशोधन करतात."

"कशावर?"

"बाई, मला अजून इथे राहायचंय," त्या हळूच म्हणाल्या. "निदान माझे कागद आहेत तोवर."

*

सरुबाई चहाच्या खोलीत कप विसळत होत्या. पन्नाशीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. फळीवर कप ओळीने उपडे होते आणि प्रत्येकावर नावाची कागदी पट्टी. खाली मोरीजवळ दोन बाटल्या होत्या. एकीवर मोठ्या अक्षरांत 'फिनेल', दुसरीवर 'ॲसिड, हात लावू नये'.

"हे कुणी लिहिलं?"

"बोराडे सरांनी. मागं एकदा मी दोन्ही एकत्र करणार व्हते. त्या दिसापासनं."

"बोराडे सरांचा कप दाखवा."

सरुबाईंनी पट्ट्यांवरून नजर नेत ओळीतला सातवा उचलला. सगळे कप एकाच पांढऱ्या रंगाचे होते.

"आणि राऊत सरांचा?"

"राऊत सरांना कप न्हाय."

"का?"

"चा प्यायला माणूस लागतो, ताई."

रझियाबाई हसल्या. तसं त्या क्वचितच हसत. "मंगळवारी दुपारी तुमची किल्ली?"

"कमरेला. मी जेवत व्हते, सरांसंगं, लॅबच्या मागं. रोज तिथंच जेवतो आमी. हवं तर सरांना विचारा. त्येच सोडून चाललेत, आनि आता त्यांचंच..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. रडायची सवय नसलेल्या माणसासारखा.

दारात शालूताई हजर झाल्या. हातात काकवीची बाटली. "छान आहे. पण मंगळवारचा गूळ घेऊ नका म्हणाला तिथला माणूस. अख्खं आदण वाया गेलं, प्लॅस्टिक जळल्याचा वास लागला म्हणे. चुलवाणातून राख काढली तर हे निघाले." त्यांनी पदराच्या टोकातून दोन पोलादी चिमटे काढले. काळे पडलेले, फाईलीत कागद अडकवायचे असतात तसे. "भंगारवाल्याला देणार होता. मी म्हटलं, रझियाला असला कचरा आवडतो."

"शालू," रझियाबाई म्हणाल्या, "तू सोनं आहेस."

"ते असो. माझी यादी दे, इथे गूळ लिहायचा राहिला."

"मिळेल."

जाताना त्यांनी मच्छिंद्रला जिन्यात गाठलं. "बोराडे, राऊत कोण?"

तो भिंतीला टेकला.

"मी," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी तपासणीला शिक्षक कमी पडत होते. जयसिंगने सगळ्यांकडून जास्तीचे फोटो घेतले. त्यातले काही नसलेल्या शिक्षकांच्या फाईलींवर लागले. सत्तावीस नंबरवर माझा फोटो आहे. नाव राऊत, कागद खोटे. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. ते तुम्हाला आधी सांगायला लाज वाटली."

"तुमच्या त्या फोटोमुळेच चोर सापडला म्हणायचं," रझियाबाई म्हणाल्या. "चारला सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलवा."

*

चार वाजता बावीस माणसं स्टाफरूममध्ये जमली. आप्पासाहेब मधल्या खुर्चीवर, जयसिंग त्यांच्या मागे, पद्मजाबाई खिडकीशी, सरुबाई चहाचा ट्रे घेऊन दारात.

"कागद सापडले?" मच्छिंद्रने विचारलं. त्याच्या आवाजातली आशा ऐकून शालूताईंनी मान खाली घातली.

"नाही," रझियाबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावर दोन काळे चिमटे ठेवले. "एवढंच उरलंय. मंगळवारी दुपारी मागच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणात दोन फाईली जळल्या. प्लॅस्टिकच्या वासाने गुळाचं आदण नासलं."

मच्छिंद्रने एक चिमटा उचलला. त्यात दहावीचं प्रमाणपत्र शोधावं तसा तो त्याकडे बघत राहिला.

"आता कुणी जाळल्या ते. कपाटातल्या प्रत्येक फाईलीच्या कण्यावर ठळक नाव आहे. दुपारी उजेड भरपूर. बोराडेंची फाईल हवी असती तर मी एका मिनिटात 'बोराडे' वाचून ती ओढली असती. तुम्ही सगळ्यांनी हेच केलं असतं. पण चोराने एकूण एक फाईल बाहेर ओढली, पुठ्ठा बघितला आणि परत सारली. धुळीत प्रत्येकीचा ओरखडा आहे. सारताना पाच फाईली उलट्या गेल्या, नावं डोक्यावर झाली. तेही त्याला खटकलं नाही."

"घाईत असंल," आप्पासाहेब म्हणाले.

"घाई असलेला माणूस सगळ्या फाईली ओढत नाही. चोर नावं बघत नव्हता, पुठ्ठ्यावरचे फोटो बघत होता. म्हणूनच त्याने एक नाही, दोन फाईली नेल्या. चौदा बोराडे आणि सत्तावीस राऊत. राऊत नावाचा माणूस जगात नाही. त्याचा चहाचा कपसुद्धा नाही. पण त्याच्या फाईलीवर फोटो बोराडेंचाच आहे. इतरांचीही तोंडं दोनदा येतायत हे बघून चोर शेवटपर्यंत बघत गेला आणि त्याला एकाच माणसाच्या दोन फाईली दिसल्या. कुठली खरी ते कळेना, म्हणून दोन्ही नेल्या."

कुणीतरी खोकलं.

"जयसिंग हे करणार नाहीत. कण्यावरची नावं त्यांनीच लिहिली, आणि राऊतांची फाईल पुढच्या महिन्यात समितीला दाखवायला त्यांना हवी होती. पद्मजा मॅडम करणार नाहीत. राऊत कोण हे त्यांना ठाऊक आहे, नाव वाचून सोडून दिलं असतं. तुमच्यातल्या कुणालाही दोन फाईली न्यायची गरज नव्हती. कारण तुम्हा सगळ्यांना वाचता येतं. चोराला येत नाही."

बावीस माणसांची नजर एकाच वेळी दाराकडे गेली.

"सरू!" आप्पासाहेब उठले. "माझ्या अन्नावर जगलीस आनि—जयसिंग, किल्ल्या काढून घे हिच्या! फोन लाव पोलिसाला!"

जयसिंग जागचा हलला नाही.

"एक मिनिट," रझियाबाईंनी पर्समधला कागद काढला. "आप्पासाहेबांनी सकाळी मला लेखी परवानगी दिली. नीट वाचून, चोख आहे म्हणून. सरुबाई, जरा मोठ्याने वाचा."

सरुबाईंनी ट्रे ठेवला. हात पदराला पुसले. कागद जवळ धरून, प्रत्येक अक्षराला बोट लावत त्या वाचू लागल्या.

"तूर-डाळ, दोन किलो. जाडे पोहे, एक किलो. खोबरेल. अंगाचा साबण, तीन. शेंगदाणे... अर्धा किलो, नीट... निवडलेले." त्या थांबल्या. "खाली सही हाय. आप्पांची."

"माझी यादी!" शालूताई ओरडल्या.

कुणीतरी फिसकन हसलं आणि भीतीने लगेच थांबलं. ते हसणं हवेत तसंच अर्धं राहिलं.

"फळीवर सारख्या रंगाचे कप आहेत," रझियाबाई शांतपणे म्हणाल्या. "वेगळी आहे ती फक्त नावाची पट्टी. सरुबाईंनी बोराडेंचा कप न चुकता काढला, तेव्हाच कळलं की यांना वाचता येतं. कुणी शिकवलं, बाई?"

"सरांनी. बाटल्यांवरनं सुरू केलं. तीन वर्सं, जेवणाच्या सुट्टीत."

"किल्ल्या तिघांकडे. त्यातल्या दोघांना वाचता येतं. तिसऱ्याने माझं कार्ड न बघता खिशात टाकलं, वर्तमानपत्राची घडी मोडली नाही, माणसं नावाने नाही तर तोंडाने ओळखतो म्हणून सांगितलं आणि शेंगदाण्यांच्या खाली सही केली. आप्पासाहेब, मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही ऑफिसात होतात. तिथून गुऱ्हाळावर गेलात."

आप्पासाहेब हळूहळू खाली बसले. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. जयसिंग त्यांच्याकडे बघत नव्हता. उलट्या फाईली पाहिल्यापासून त्याला माहीत होतं, हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं.

"जयसिंगला फाईल काढायला का न्हाय सांगितलं, तर त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाय," आप्पासाहेब म्हणाले. आवाज बारीक होता, पण खाली आला नव्हता. "शब्द समद्यांपुढं दिला व्हता. मोडला तर गावात तोंड दाखवता येईना. कागदच ऱ्हायले न्हाईत म्हटल्यावर शब्द बी मोडत न्हाय आनि माणूस बी जात न्हाय."

"मी सहा वर्षं तुमच्या पाया पडलो, आप्पा," मच्छिंद्र म्हणाला.

"त्येच तर." आप्पासाहेबांनी त्याच्याकडे प्रेमाने म्हणावं असं पाहिलं. "माझी आई दुसऱ्याच्या उसात खपली. मला पाटी मिळाली न्हाय. शाळेच्या पायरीवरनं मास्तरनं हाकलला व्हता मला. तवाच ठरवलं, शिकलेली माणसं कपाटात ठिवीन. ठिवली. रोज सकाळी समदी पदवीवाली उठून नमस्कार करत्यात. त्यातलं एक बी मी जाऊ देणार न्हाय." मग त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. वर्गापुढून जाताना फिरवत तशीच, तोंडं मोजत. "आता ही बाई जाईल तिच्या खडकीला. साक्ष द्यायला लागती तुमची. कोन देतंय? हात वर करा. तुमचे कागद अजून कुलपात हायेत."

कुणी हात वर केला नाही. एकाने घड्याळ पाहिलं. एकाने बशीतला चहा कपात परत ओतला. पद्मजाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शालूताईंनी रझियाबाईंकडे पाहिलं. कोडं सुटलं होतं. माणसं सुटली नव्हती.

"माझा न्हाय, आप्पा," सरुबाई म्हणाल्या.

"काय?"

"कागद. माझा एक बी कागद न्हाय तुमच्या कपाटात."

त्यांनी कमरेचा जुडगा काढला आणि त्या ऑफिसाकडे चालू लागल्या.

"जयसिंग! अडव तिला!"

जयसिंगने काकांकडे पाहिलं, मग खुर्चीच्या पाठीवरचा आपला हात काढून घेतला. "माझेही त्यातच आहेत, काका," तो म्हणाला.

सरुबाई दोन खेपा घालून फाईली घेऊन आल्या. टेबलावर ढीग केला. पहिली उचलली, उलटी होती, सरळ केली. कण्याला बोट लावलं.

"आ-व-टे. सं-भा-जी."

एक उंच माणूस उठला. पाय वाजू नयेत अशा बेताने पुढे आला आणि फाईल छातीशी धरून जागेवर गेला.

"ओ-स-वा-ल."

एकेक जण उठत होता. वाचायला वेळ लागत होता आणि कुणी घाई करत नव्हतं. ज्या नावाला कुणी उठलं नाही, ती फाईल सरुबाईंनी आप्पासाहेबांच्या पायाशी ठेवली. अशा नऊ झाल्या. आप्पासाहेब त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्यासाठी त्या नवांत आणि बाकीच्यांत फरक नव्हता.

"आता साक्षीचं बोला," रझियाबाई म्हणाल्या.

आवटेंनी हात वर केला. मग आणखी दोघांनी. मग जयसिंगने.

"कु-ल-थे. पद्मजा." ढिगात तळाशी राहिलेलं हे नाव सरुबाईंनी अडखळत वाचलं.

पद्मजाबाई टेबलापाशी आल्या. फाईल घेतली. सोमवारी ती कुठे न्यायची आहे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मच्छिंद्र टेबलाच्या पलीकडेच उभा होता, हातात काळा चिमटा.

"बोराडे सर, मी..." त्यांना पुढे बोलता येईना.

मच्छिंद्रने चिमटा खिशात टाकला.

"नऊची बस धरा, मॅडम," तो म्हणाला. "दहाची भरवशाची नाही."